लास हिगेरासच्या पाटावर आण्णा

माहेरपणाला कोल्हारला येऊन आठ दिवस झाले आणि आठ दिवसांत मला दोनच प्रश्न विचारले गेले. तिकडं खायला काय मिळतं, आणि तिकडं थंडी फार असते का. पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे. दुसऱ्याचं असं, की जुलैत दुपारी तीनला आमच्या स्पॅनिश गावात घराबाहेर पडलं तर चपलेचा तळ डांबराला चिकटतो. नगरचा उन्हाळा जन्मभर काढलेली बाई म्हणते आहे, आपला उन्हाळा परवडला. स्पेन म्हटलं की लोकांना बैल आणि नाच आठवतो. मी दोन वर्षं तिथं राहते आहे, बैल एकदाही दिसला नाही. शेळ्या मात्र रोज दिसतात.

प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळं लिहून काढावं असं ठरवलं. त्यातही यंदाचा उन्हाळा, कारण यंदा आण्णा आले होते.

आण्णा म्हणजे माझे वडील. वय अडुसष्ट, अंगात सदरा-लेंगा, डोक्यावर पांढरी टोपी, आणि सगळं आयुष्य प्रवरेच्या कालव्याचं पाणी वावरात फिरवण्यात गेलेलं. ते काय करायला येताहेत हे त्यांनी लपवलं नव्हतं. माझा नवरा विलास पवनचक्क्यांचा तंत्रज्ञ. आधी तो नगरकडच्या डोंगरावर काम करायचा, मग कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी स्पेनला पाठवलं. ती दोन वर्षं सप्टेंबरात संपत होती. कंपनी पुढं ठेवून घ्यायला तयार होती, विलासची ना नव्हती आणि मला तर राहायचंच होतं. आण्णांना ते मुळीच पसंत नव्हतं. फोनवर म्हणाले, हौस झाली ना, आता मी येतो आणि दोघांना घेऊनच जातो. बापाला तोंडावर नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. मी म्हटलं, आधी या, गाव बघा, मग बोलू. मनात म्हटलं, गाव बघितल्यावर ते स्वतःच विरघळतील. विरघळणं हा शब्द आण्णांच्या बाबतीत कोणी कधी वापरलेला नाही, हे मी विसरले होते.

गावाचा दिवस

गावाचं नाव लास हिगेरास, म्हणजे अंजिरांची वाडी. ग्रानादा शहरापासून गाडीनं दीड तास, उघड्याबोडक्या डोंगराच्या कुशीत, चुन्यानं रंगवलेली पांढरी घरं. हिवाळ्यात गावात म्हातारी माणसंच उरतात. ऑगस्टात मात्र शहरात गेलेली लेकरं, सुना, नातवंडं परत येतात आणि आपल्याकडं देवीच्या यात्रेला होतं तसं घराघरात माणूस मावत नाही.

पहिल्याच सकाळी गल्लीत जोरजोरात हॉर्न वाजला. कोणाचा तरी अपघात झाला असं वाटून आण्णा अनवाणी बाहेर धावले. ती पावाची गाडी होती. दररोज नऊला ती येते आणि बायका घरच्या गाऊनवर, कापडी पिशव्या घेऊन तिच्याभोवती उभ्या राहतात. आण्णांनी एक लांब पाव हातात घेतला, मडकं वाजवून बघतात तसा बोटानं वाजवून बघितला आणि हे चावायचं कशानं असं मला विचारलं. चहात बुडवल्यावर तो त्यांना इतका आवडला की दुसऱ्या दिवसापासून गाडी यायच्या आधीच ते कोपऱ्यावर जाऊन थांबायला लागले.

दुपारी दोन ते पाच गाव झोपतं. दुकान बंद, खिडक्या बंद, कुत्रीसुद्धा बंद. हे लोक कामं कधी करतात, असं आण्णांनी पहिले तीन दिवस विचारलं. चौथ्या दिवशी स्वतःच झोपले, आणि साडेचारला मी भांडं आपटलं म्हणून माझ्यावर चिडले. संध्याकाळी ऊन उतरलं की गल्लीतल्या बायका आपापल्या खुर्च्या घेऊन दारात येऊन बसतात. आमची शेजारीण एन्कार्ना, वय ब्याऐंशी, त्या बैठकीची मुख्य. मी तिला आजीच म्हणते आणि आता ती त्या हाकेला ओ देते. तिनं आण्णांसाठी एक खुर्ची आणली आणि मला हळूच विचारलं, तुझे वडील आचारी आहेत का? तिचा सगळा रोख टोपीवर होता. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, पण गुडघेदुखी दाखवायला भाषा लागत नाही. एकानं गुडघा दाखवला की दुसऱ्यानं कंबर दाखवायची, असं त्यांचं तासभर चालायचं.

आता खाण्याचं. तिकडं उन्हाळ्यात कच्चे टोमॅटो, काकडी, लसूण वाटून गारेगार पितात, त्याला गास्पाचो म्हणतात. आण्णांनी एक घोट घेतला आणि वाटी माझ्याकडं परत केली, सार गार झालंय, जरा तापवून आण. मी तापवलं नाही. एन्कार्ना आजी समोर होती आणि तिला ब्याऐंशीव्या वर्षी हा धक्का द्यायची माझी तयारी नव्हती. दुसरा पदार्थ मिगास. शिळा पाव कुस्करायचा, लसूण-मिरचीवर तेलात परतायचा. तो खाताना आण्णांचा चेहरा उजळला. म्हणाले, ही तर फोडणीची पोळी आहे, बाई फक्त कांदा घालायचा विसरली. तीन वेळा मागून घेतली. गावातल्या बारमध्ये मात्र छताला डुकराच्या तंगड्या टांगलेल्या असतात. तिथं आण्णा रस्त्याकडं तोंड करून बसायचे आणि कॉफी संपली की सगळ्यांच्या आधी उठायचे.

आजीची दोन वावरं

मला तिथं का राहायचं होतं, हे इथं सांगायला हवं.

पहिलं वर्षभर मी गावात पवनचक्कीवाल्याची बायको होते. लोक हसायचे, मान हलवायचे, पुढं जायचे. मग एन्कार्ना आजीची कंबर धरली आणि गावाखालच्या उतारावरची तिची दोन लहान वावरं पडीक पडायला लागली. तिनं मला विचारलं, करतेस का? मी कोल्हारची पोरगी, मला हे विचारायचं असतं का? एका वावरात तिचे टोमॅटो-मिरच्या, दुसऱ्यात माझी मेथी, कोथिंबीर आणि शहरातल्या मोरोक्कन दुकानातून बी आणून लावलेली भेंडी. वावराबरोबर पाण्याची बारीही मिळाली. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाटानं गावाखाली येतं. पाट जुना, शेकडो वर्षांपूर्वीचा. दर शनिवारी सकाळी नऊ ते साडेनऊ ते पाणी माझं.

अर्धाच तास, पण त्या अर्ध्या तासानं माझं गावातलं स्थान बदललं. पावाच्या गाडीपाशी बायका विचारू लागल्या, तुझ्या टोकापर्यंत पाणी पोचलं का, वरच्या वळणाला गळती आहे का. पाटाचा कारभार बघणारा खुलियान म्हणून एक सत्तरीचा गृहस्थ आहे, आपल्याकडच्या पाटकऱ्यासारखा, पण गावानं निवडलेला. तो मला नावानं हाक मारायला लागला. ती बारी गेली असती तर मला तिथं राहण्यात राम वाटला नसता.

आण्णांना मी वावर दाखवलं. त्यांनी माती चिमटीत घेऊन बघितली, भेंडीचं पान उलटं करून बघितलं आणि बरंय म्हणाले. मग म्हणाले, कोल्हारला यापेक्षा दहापट रान पडलंय तुझ्यासाठी. मी विषय बदलला. त्या महिन्यात मी विषय बदलण्यात चांगली तरबेज झाले होते.

तीन दिवसांची भटकंती

विलासला गुरुवार ते शनिवार अशी सुट्टी मिळाली. शनिवारची बारी चुकणार होती, पण मागच्या आठवड्यात वावर चांगलं भिजवलं होतं. निघेल एवढ्यावर, असं म्हणून आम्ही गाडी काढली.

पहिल्या दिवशी गुआदिक्सला गेलो. तिथं माणसं गुहेत राहतात. जुन्या काळी नव्हे, आजही. आख्खी टेकडी आतून कोरलेली, आणि वरून चालताना मध्येच जमिनीतून धुराडं वर आलेलं दिसतं. एका बाईनं आम्हाला आत बोलावलं. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत पंखासुद्धा न लावता गारवा. फ्रीज, टीव्ही, सोफा, भिंतीवर नातवाच्या मुंजीसारख्या कसल्याशा विधीचा फोटो, सगळं जिथल्या तिथं. आण्णा भिंतीला तळहात लावून बराच वेळ उभे राहिले. आपल्याकडं जिथं उंदीर राहतो तिथं यांनी फ्रीज ठेवलाय, असं म्हणाले खरे, पण नंतर गाडीत दोनदा त्यांनी विचारलं की आपल्या मातीत असं कोरता येईल का.

दुसऱ्या दिवशी फजिती झाली. डोंगरावरच्या एका गावात मोबाईलच्या नकाशानं आम्हाला अशा गल्लीत घातलं की दोन्ही बाजूंचे आरसे भिंतींना टेकायला आले. पुढं वळण, मागं चढ. विलासच्या कपाळावर घाम. बघता बघता तीन बायका आणि बनियनवरचा एक माणूस जमला, आणि प्रत्येकजण वेगळी दिशा दाखवत होता. आण्णा कसेबसे दारातून बाहेर निघाले, गाडीसमोर गेले आणि उसाची ट्रॉली कारखान्याच्या वजनकाट्यावर घ्यावी तशी त्यांनी दोन्ही हातांनी गाडी घ्यायला सुरुवात केली. येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं, बास. बायका त्यांच्या सुरात ‘दाले, दाले’, म्हणजे चला, चला, करायला लागल्या. गाडी वळणातून बाहेर पडली तेव्हा टाळ्या वाजल्या. एका बाईनं पदरभर अंजिरं दिली. तिला पदर नव्हता, ॲप्रन होता, पण द्यायची तऱ्हा तीच होती.

त्याच गावावर किल्ला होता. आण्णांची बहीण खर्ड्याला दिलेली आहे, त्यामुळं किल्ला कसा असावा याबद्दल त्यांची मतं पक्की आहेत. बुरुजावर चढले, तटाची रुंदी पावलांनी मोजली आणि खर्ड्याचा दगड भारी असा निकाल देऊन उतरले. मी वाद घातला नाही, कारण मलाही तेच वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी समुद्र. काबो दे गाताचा किनारा, निवडुंगाची रानं, आणि पाणी इतकं स्वच्छ की पायाची बोटं मोजता यावीत. आण्णांनी लेंगा गुडघ्यापर्यंत गुंडाळला आणि ते आत जाऊन उभे राहिले. अर्धा तास झाला तरी बाहेर येईनात. मी जवळ गेले तर म्हणाले, एवढं पाणी आणि वावराला एक थेंब कामाचा नाही. मी खूप हसले. तेही हसले. त्या दिवशी मला खात्री वाटली की आपली गाडी रुळावर आली.

सोमवार सकाळ

परत आलो तर वावराची दशा झालेली. तीन दिवस गरम वारा सुटला होता. मेथी आडवी, भेंडीची पानं लोंबकळलेली, आजीचे टोमॅटो मलूल. पुढची बारी शनिवारी. रविवारी मी घरून बादल्या भरभरून नेल्या, पण बादल्यांनी वावर भिजत नाही.

सोमवारी सकाळी मी उठायच्या आत आण्णा फिरायला म्हणून वावराकडं गेले. नऊच्या सुमारास परत आले ते लेंग्याला चिखल लावून आणि खुशीत. म्हणाले, ‘पाटाला पानी वाहून चाल्लं हुतं. दाऱ्यावर मानूस न्हाई, काय न्हाई. दिलं वळवून आपल्यात. पार तुंब झालंय.’

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

आपल्याकडचं ज्यांना माहीत आहे त्यांना आण्णांची चूक समजेल. आपल्याकडं ज्याची बारी असते तो माणूस फावडं घेऊन दाऱ्यावर, म्हणजे पाणी वावरात शिरतं त्या तोंडाशी, उभा असतो. तो हलत नाही, हलला तर त्याच्या जागी भाऊ किंवा बायको उभी राहते. दाऱ्यावर माणूस नसेल तर ते पाणी बारी संपल्यावर उरलेलं, ओढ्याला चाललेलं, आणि ओढ्याला जाणारं पाणी न वळवणं हे पाप. लास हिगेरासमध्ये उलटं. तिथं माणूस घड्याळ बघून लोखंडी फळी लावतो, पाणी आपल्या हौदाकडं सोडतो आणि घरी जाऊन नाष्टा करतो. वेळ संपली की पुढचा येऊन फळी बदलतो. उभं कोणी राहत नाही, कारण दुसऱ्याच्या पाण्याला हात लावायचं कोणाच्या स्वप्नातही येत नाही.

ते पाणी मानोलोचं होतं. पाटाच्या शेवटी त्याची बदामाची झाडं आहेत आणि त्याला पंधरा दिवसांतून एकदा बारी येते. तो हौदावर गेला तेव्हा हौदाच्या तळाला नुसतं शेवाळ होतं. पाटानं वर येत येत तो माझ्या वावरापाशी पोचला. तिथं चिखल होता, आणि चिखलात आण्णांच्या चपलांचे ठसे.

खुलियान दुपारी घरी आला. बसला नाही. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चसमोर पाटाच्या लोकांची बैठक होईल असं त्यानं सांगितलं. नियम मला माहीत होता. दुसऱ्याचं पाणी घेतलं तर बारी बंद. तो आठवडा मी पावाच्या गाडीला गेले नाही. एन्कार्ना आजीनं खुर्ची बाहेर काढली नाही. आण्णांना मी सगळं समजावून सांगितलं. ते लगेच मानोलोच्या घरी जायचं म्हणाले. गेलो. त्यानं दार उघडलं, आण्णांचे जोडलेले हात बघितले, रविवारी बोलू म्हणाला आणि दार लावलं.

चर्चसमोर

तुतीच्या झाडाखाली वीसेक माणसं होती. आण्णा धुतलेला सदरा घालून माझ्या शेजारी उभे. मानोलोनं आपली बाजू मांडली. आवाज चढवला नाही, त्यानं मला जास्त लागलं. मग मी आण्णांचं म्हणणं सांगितलं, आमच्याकडं दाऱ्यावर माणूस उभा असतो, नसला तर पाणी कोणाचं नसतं. दोघं-तिघं हसले. एक म्हातारा म्हणाला की त्याच्या आजोबांच्या काळी इथंही लोक उभे राहायचे. मला जरा धीर आला.

पण मानोलो म्हणाला, चूक असेल, मान्य. तरीही मला एक सांगा, ही बारी आपण कोणासाठी जपायची? हिच्या नवऱ्याचं काम सप्टेंबरात संपतंय हे सगळ्यांना माहीत आहे. ही जाणार. तीन आठवड्यांत जाणाऱ्या माणसासाठी नियम कशाला वाकवायचा?

खुलियाननं माझ्याकडं बघितलं. ‘जाणार आहेस का?’

सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं. उत्तर माझ्या जिभेवर होतं आणि शेजारी आण्णा होते. त्यांना स्पॅनिश कळत नव्हतं, तरी मला ते बोलवेना. महिनाभर जे टाळलं ते असं चव्हाट्यावर, त्यांच्या पाठीमागून परक्या भाषेत सांगायचं, हे मला पटेना. मी खाली बघत राहिले.

आण्णांनी विचारलं, काय म्हणतोय तो? मी सांगितलं. मानोलो काय म्हणाला तेही सांगितलं. लपवून काही उपयोग नव्हता.

त्यांनी टोपी सारखी केली. मग माझ्याकडं न बघता, खुलियानकडं बघून ते मराठीत बोलले.

‘त्यांला सांग, चूक करनारा मी हाय आन जानारा बी मीच हाय. पोरगी कुठं जात न्हाई. ती हितंच ऱ्हानार हाय. तिची बारी मोडू नका.’

मी उभीच. खुलियान वाट बघत होता.

‘सांग की,’ आण्णा म्हणाले.

मी सांगितलं. शब्दन् शब्द सांगितला, मध्ये दोनदा थांबले. ‘ती इथंच राहणार’ हे माझ्याच तोंडून, वडिलांच्या वतीनं, मी स्पॅनिशमध्ये ऐकलं आणि मला एकाच वेळी नाचावंसं आणि हंबरडा फोडावासा वाटला. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. माझे वडील मला न्यायला आले होते आणि माझी बारी वाचवायला त्यांनी स्वतःचं मागणं सोडून दिलं होतं.

मानोलोनं आण्णांकडं बघितलं. मग खुलियानला म्हणाला, येत्या शनिवारचा तिचा अर्धा तास मला द्या, त्याच्या पुढचा तिचा तिला. खुलियाननं मान हलवली. विषय संपला आणि सगळे वरच्या वळणाच्या गळतीवर बोलायला लागले. मलाही विचारलं की दुरुस्तीला कोणत्या दिवशी येशील. मी म्हटलं, सांगाल त्या दिवशी.

घराकडं चढताना आण्णा पुढं, मी मागं. विलास चौकात वाट बघत होता, काय झालं म्हणून त्यानं हातानंच विचारलं. मी हसत रडत होते. आण्णा जावयापाशी थांबले, दम खाल्ला आणि माझ्याकडं वळून म्हणाले, ‘लग्नात तुला ह्यांला दिल्ती. आज ह्या गावाला दिली.’

थोडं चालून परत थांबले.

‘गाव बरं हाय,’ म्हणाले. ‘पानी कमी हाय, पन गाव बरं हाय.’